मनगटाएवढा झरा

नातसून घरात येऊन दोन महिने झाले होते. मी ओसरीवर जवारी निवडत बसले होते, ती समोर येऊन बसली आणि सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "आजी, आमी देवाला कोल्हापूरला चाललोत. येताना एक दिवस हाय हातात. तुमी आन आजोबा गेलता ना त्या डोंगरातल्या जंगलात? एका दिवसात काय काय होतंय बघून?"

"आमाला तर अर्धाच दिवस मिळालता," मी म्हणाले.

"अर्ध्या दिवसात झरा बघून आलात?"

आमच्या घरात तो झरा लई मोठा आहे. माझे मालक जाऊन बारा वर्षं होतील, पण त्यांचा फोटो पुसताना लेक आपल्या पोरांना अजून सांगतो की तुमच्या आज्यानं कधी न आटणारं पाणी बघितलेलं आहे, दगडातून निघतं, मनगटाएवढं. नवी सून आली की तिलाही हे सांगितलं जातं. नातसुनेला मी वाट सांगितली. नाक्यावर काय विचारतात, कुठून चढ लागतो, अंजनीची झाडं कुठं आहेत, सगळं सांगितलं. सांगत सांगत झऱ्यापाशी आले तशी म्हणाले, तिथून पुढं वाटाड्या नेईल.

त्या झऱ्याबद्दल मी आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही. तोंडानं तर सांगणं होणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही ऊस तोडायला जायचो. आमचं गाव चौसाळ्याहून आत, माळावर. दसरा झाला की ट्रक यायचे, आम्ही बैलं, गाडी, भांडी, पीठ असं सगळं घेऊन वरच्या मुलखात जायचो, नदीकाठच्या साखर कारखान्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपाशी नेते. दोघांतलं एक आजारी पडलं तर दुसऱ्याचाही खाडा. असे वीस-बावीस हंगाम आमचा कोयता त्याच कारखान्याला होता.

तिथं उसाच्या फडात ताठ उभं राहिलं की मावळतीच्या अंगाला डोंगराची ओळ दिसायची. सकाळी निळी, दुपारी धुरकट. मालक पाणी प्यायला थांबले की तिकडंच बघायचे. ज्यांच्या फडात आम्ही होतो ते शेतकरी मामा एकदा बांधावर बसून म्हणाले होते, "त्या डोंगरात सरकारी जंगल आहे. वाघरू आहे, गवं आहेत. आणि आत एक झरा आहे, त्याचं पाणी ह्या नदीला येतंय. वैशाखात नदी पार तळाला जाती, पण त्यो आटत न्हाई. आमच्या आज्यापास्नं कुणी आटलेला बघितला न्हाई."

मालक म्हणाले, "कसा असंल वो?"

"कसा म्हंजे? पाणी असतंय तसंच."

"न्हाई, निघतं कसं ते. वर येतं का आडवं येतं?"

मामा हसले. म्हणाले, मी तरी कुठं बघितलाय. इथं पाणी दारात आहे, तिकडं कोण कावून जाईल. ('कावून' म्हणजे कशाला. हा आमचा शब्द ते आम्हाला चिडवायला वापरायचे.)

आमच्या मालकांनी तीन विहिरी बघितल्या होत्या. एक त्यांच्या वडिलांनी खणलेली, दोन त्यांनी स्वतः पहारीनं फोडलेल्या. तिन्हींना पाणी लागलं होतं आणि तिन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत आटल्या. त्यामुळं न आटणारं पाणी म्हटल्यावर त्यांच्या मनात काय झालं असेल ते मला कळतं. दर हंगामाला म्हणायचे, "ह्या पट्ट्याला जाऊन येऊ." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याची चाकं थांबणं, हंगाम संपणं. पट्टा पडायचा, ट्रक लागायचे, आणि आम्ही भांडी बांधून गावाकडं निघायचो. मग पुढच्या वर्षी पुन्हा, ह्या पट्ट्याला.

मी सांगते ते साल गुरांच्या चारा-छावण्यांचं. पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलं होतं. माजलगावच्या धरणाची माती उघडी पडलीय, तडे गेलेत, असं लोक फोनवर सांगायचे. कडा गावाकडं दिलेल्या माझ्या बहिणीनं दावणीची गुरं छावणीत नेऊन बांधली होती आणि स्वतःही तिथंच चुलीपाशी राहत होती. आणि त्याच हंगामात मालकांना दम लागायला लागला. दहा-बारा ऊस तोडले की कोयत्यावर रेलून उभे राहायचे. खोकला नव्हता, ताप नव्हता, नुसती छाती वरखाली. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं की हे काम आता बंद करा. मालकांनी मान हलवली होती. आम्ही दोघंही जाणून होतो की पुढच्या दसऱ्याला ट्रकमध्ये आमचा कोयता चढणार नाही.

पट्टा पडला आणि त्या वर्षी कधी नव्हे ते ट्रकला एक दिवस उशीर झाला. मुकादम येऊन म्हणाला, उद्या दिवस मावळताना गाड्या लागतील, तवर पडून ऱ्हावा. टोळीतली माणसं बाजाराला निघाली. मालक माझ्याकडं बघत राहिले.

"काय?" मी म्हणाले.

"काय न्हाई."

"जायचं का?"

"तुला पायी झेपंल का?"

दम कुणाला लागत होता आणि विचारत कुणाला होते, बघा. मी म्हणाले, मला झेपतं, तुमचं बघा.

मामांनी सोय करून दिली. तिथल्या दूध संस्थेची गाडी सकाळी डोंगराखालच्या शेवटच्या वाडीपर्यंत जायची, भरलेले कॅन घेऊन खाली यायची, आणि दुपारी एकच्या सुमाराला रिकामे कॅन द्यायला पुन्हा वर जायची. मामा म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जावा, दुपारच्यानं या. चार तास घावतील. इकडं तिकडं बघत बसू नका, सरळ झरा गाठा. बाकीचं येताना बघा."

हे मी नातसुनेलाही सांगितलं, अगदी असंच. सरळ झरा गाठ, बाकीचं येताना.

भाकरी बांधून घेतल्या, मालकांनी चहाची किटली घेतली पाण्यासाठी. प्लास्टिकची बाटली आत नेऊ देत नाहीत असं मामा म्हणाले होते. दुधाच्या कॅनांमध्ये बसून गेलो. रस्त्यात मालक पोरासारखे उठून उभे राहायचे, ड्रायव्हर आरशातून ओरडायचा, "मामा, खाली बसा, माझं लायसन घालवशीला."

नाक्यावर एक खाकीतला गार्ड होता, चांगला माणूस. त्यानं वहीत लिहून घेतलं, आमच्याबरोबर एक वाटाड्या दिला. माझी पिशवी उघडून बघितली. मालकांची काडेपेटी आणि तंबाखूची पुडी काढून ठेवली. मग विचारलं, "हत्यार-बित्यार काही?"

"न्हाई," मी म्हणाले.

आता ऐका. माझ्या कमरेला विळा होता. लुगड्याच्या केळात, कमरेच्या खोचणीत, मागच्या अंगाला, मूठ वर. लग्न झाल्यापासून तो तिथंच असायचा. सकाळी उठून अंगावर लुगडं आलं की विळा आला. गार्ड हत्यार म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं कोयता आला, कुऱ्हाड आली, आणि ती दोन्ही खोपीत होती. मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही, आणि मला ते कळलंही नाही. त्यानं बायमाणूस म्हणून कमरेकडं बघितलं नाही.

वाटाड्या माझ्या लेकाच्या वयाचा. त्याचं गाव त्याच जंगलात होतं, जंगल सरकारी झालं तसं सगळ्या गावाला खाली आणून बसवलेलं. चालता चालता एका ठिकाणी थांबून म्हणाला, "ही आमची वेस." तिथं काहीच नव्हतं. दोन चपटे दगड आणि करवंदीची जाळी.

मालक म्हणाले, "तुमाला जंगलापायी उठावं लागलं. आमी दर साली आपल्या पायानं उठतो."

"पण तुमी परत जाताय की मामा."

"जातो. तिथं कुणी ऱ्हायला लागतं ना, म्हातारं सांभाळायला."

जंगल कसं होतं ते सांगते. आमच्याकडं सावली म्हणजे एका झाडाची असते, झाडाखालून निघालं की ऊन. तिथं सावली संपतच नव्हती. पायाखाली पाला ओला होता. मार्चचा महिना आणि पाला ओला. अंजनीच्या फांद्यांना बुंध्यापासून जांभळी फुलं चिकटलेली. वरून शेकरू गेलं, शेपूट एवढं लांब, मालकांनी टोपी काढून बघितलं. त्यांना दम लागत होता. दर पन्नास पावलांवर ते दम खायला थांबायचे, पण थांबल्याचं कारण दुसरंच दाखवायचे. हे झाड कसलं. हा आवाज कसला. वाटाड्याला कळत होतं. तोही शहाणा, दर वेळी नवीन काहीतरी सांगायचा.

"किती ऱ्हायलं?"

"अर्धा तास मामा. तुमच्या चालीनं पाऊण."

तास होऊन गेला होता. वेळ पुरत होता. मी मनात मोजलं होतं, जायला पावणेदोन तास, झऱ्यापाशी थोडं बसणं, उतार म्हणून यायला सव्वा तास. बसत होतं बरोबर.

आणि मग ती जागा आली. वाटेच्या डाव्या अंगाला एक लहानशी मोकळण होती. बाकी सगळीकडं गवत वाळून पिवळं झालं होतं, पण तिथं कुठून तरी पाणी झिरपत असणार, गुडघ्याएवढं हिरवं गवत उभं होतं. कोवळं, दाट. त्याला कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

आमच्या सासूबाईंनी मला घरात आल्या आल्या एक गोष्ट शिकवली होती. रानात गेलेल्या बाईनं रिकाम्या डोक्यानं घरी यायचं नाही. चारा आण, काटक्या आण, शेण आण, काही नसलं तर ढेकूळ आण चुलीला लावायला, पण रिकामं यायचं नाही. आमच्याकडच्या सगळ्या बायका तशाच. आमची बैलं सहा महिने उसाच्या वाढ्यावर होती, नुसता उसाचा शेंडा खाऊन खाऊन त्यांच्या जिभा चिरल्या होत्या. आणि गावाकडं तेवढंही नव्हतं.

मी वाकले कधी, विळा काढला कधी, मला सांगता येणार नाही. आठवतं ते एवढंच की गवत हाताला गार लागलं. पेंडी झाली, दुसरी झाली. गवताचाच आळा पिळून मोळी बांधली. मालक पुढं झाडाला टेकून उभे होते, त्यांनी बघितलं आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हणाले, "आवळून बांध, कोवळं हाय, सुटंल."

वाटाड्यानं मागं वळून बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"मावशी, टाका ते खाली. विळा कुठनं आला? टाका आधी. कुणी बघितलं तर माझं काय खरं न्हाई."

मी टाकणारच होते. खरंच टाकणार होते. पण समोरून गस्तीचा गार्ड येत होता, दुसरा, वयानं मोठा, काठी टेकत. तो लांबूनच थांबला. माझ्या डोक्यावर मोळी, हातात विळा.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. जवळ आला, मोळी खाली घेतली, विळा मागितला आणि म्हणाला, "बाई, हे राष्ट्रीय उद्यान आहे. इथली काडी तोडत नाहीत."

"बैलासाठी घेतलं वो. कुणी खात न्हाई म्हणून."

"खातात. गवे खातात."

वाटाड्यानं पाय धरल्यासारखं केलं, दुष्काळाकडची माणसं आहेत, चुकलं, सोडा. तो म्हणाला, विळा आत आलाय, नाक्यावर नाही म्हणून सांगितलंय, मी सोडलं तर उद्या मला विचारतील. कागद करावा लागेल. बाईंना खाली नाक्यावर यावं लागेल. आणि मग मालकांकडं बघून म्हणाला, अगदी चांगल्या मनानं, "मामा, तुम्ही जा वाटाड्याबरोबर पुढं. झरा बघायचाय ना? जवळच आहे. बाईंना मी नेतो, काही काळजी करू नका."

मीही म्हणाले, "जावा तुमी. मी हाय तिथं बसून."

मालक वर वाटेकडं बघत राहिले. वाट एका मोठ्या झाडाच्या मुळांमधून वर चढत होती आणि पुढं वळली होती. त्या वळणापलीकडं काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

"आमचा कोयता दोघांचा मिळून एक असतो साहेब," ते म्हणाले. "अर्धा कोयता कुठं जातो का?"

"अहो जावा ना," मी म्हणाले. "वीस वर्षं म्हणताव."

"गप. कागदावर काय लिवतेत ते बघाया नको?"

उतरताना मी रागानं पुढं पुढं चालत होते. गुन्हा माझा आणि राग त्यांच्यावर. मागून त्यांच्या छातीचा आवाज येत होता, उतारावरही. एकदा मी थांबून म्हणाले, "कावून आलाव परत?" त्यांनी वाटाड्याला विचारलं, "हे झाड कसलं?"

नाक्यावर कागद झाला. गार्ड लिहीत होता, वाचून दाखवत होता. अनवधानाने विळा सोबत राहिला, अज्ञानातून गवत कापले, पुन्हा असे करणार नाही. शाईचा पॅड पुढं केला, अंगठ्यासाठी.

मी म्हणाले, सही करते. लेकीच्या पुस्तकावरून आणि कारखान्याच्या चिठ्ठ्यांवरून मी अक्षरं जुळवायला शिकले होते, एकटीच, कुणी शिकवलं नव्हतं. सही कुठं करायची वेळ आली नव्हती. पहिली सही केली ती त्या कागदावर. गार्डनं कागद फिरवून बघितला आणि म्हणाला, "अक्षर बरं आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं माझ्या मोळीला सुतळी बांधली, सुतळीला चिठ्ठी लावली आणि ती कोपऱ्यात ठेवली. सहा महिन्यांत मी हजारांनी मोळ्या बांधल्या असतील, चिठ्ठी लागलेली ती एकच. दंड लावला नाही त्यांनी. विळाही दिला परत, बाहेर पडल्यावर. तक्रार करायला मला जागा नाही.

तोवर साडेबारा झाले होते. मालकांनी विचारलं, आता जाऊन येणं होईल का. वाटाड्यानं मान हलवली. मग त्यालाच काही वाटलं असेल, म्हणाला, चला, खाली रस्त्याच्या मोरीपाशी ओढा आहे, त्याला पाणी तिथलंच येतं.

मोरीखाली घोट्याएवढं पाणी होतं. स्वच्छ, खालचे खडे दिसत होते. मालक वहाणा काढून काठावर बसले, पाय पाण्यात सोडले.

"हे त्याचंच का?"

"त्याचंच. आणिक दोन-तीन ओहळ मिळत्यात मधी."

"म्हंजी सगळं त्याचं न्हाई."

"सगळं न्हाई मामा. हाय त्यात त्याचंबी."

ते पाण्याकडं बघत होते, जणू त्यातलं त्याचं कोणतं ते वेगळं काढता येईल. मी मागं उभी होते. भाकरी खाऊ म्हणाले, ते नको म्हणाले. किटलीतलं आधीचं पाणी ओतून दिलं आणि किटली ओढ्यात बुडवून भरली. बुडबुडे संपेपर्यंत धरून ठेवली. मग झाकण लावून तोंडाला फडकं बांधलं. गाडीचा हॉर्न वाजला. उठताना मला हात मागितला त्यांनी. तसा कधी मागितला नव्हता.

"पुढच्या पट्ट्याला," ते म्हणाले.

मी हो म्हणाले.

दिवस मावळताना ट्रक लागले. बैलं चढवली, त्यांच्या पायांशी आम्ही. किटली त्यांच्या मांडीवर. टोळीतल्या एकीनं पोराला पाणी मागितलं तर तिला घागरीतलं दिलं, किटलीतलं नाही. मला वाटलं, देवघरात ठेवणार असतील.

सकाळी चौसाळ्याला ट्रक थांबला. सगळी पाणी शोधायला उतरली. हॉटेलवाल्याच्या टाकीला कुलूप होतं, टँकर आला नव्हता. आमचा डावा बैल मान खाली घालून उभा होता, जीभ बाहेर. मालकांनी फडकं सोडलं, घमेल्यात किटली ओतली आणि त्याच्यापुढं धरली. दोन घोटांत संपलं. उजव्याला नुसतं ओलं घमेलं चाटायला मिळालं.

"तुझं गवत ऱ्हायलं," ते मला म्हणाले. "एवढं तरी पोचलं."

त्यांनी ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. पण मला ते अजून टोचतं.

गावात पोचलो तर वेशीतच लोकांनी विचारलं, कारण टोळीतल्या बायकांनी ट्रकमधून उतरायच्या आधीच सांगितलं होतं की ही दोघं जंगल बघून आली. छावणीत आमची बैलं बांधली, तिथं दुपारी गडीमाणसं बसायची. चारा यायची वाट बघायची, दुसरं काय काम होतं. एकानं विचारलं, "मग, झरा बघितला का न्हाई?"

मी चहा घेऊन आले होते. हातात पेले होते. मालकांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"बघितला की."

"कसा हाय?"

"काळा दगड हाय मोठा, ह्या ट्रॅक्टरएवढा. त्याच्या पोटातनं येतंय. आडवं."

"केवढं?"

त्यांनी उजव्या हाताच्या मनगटाला डाव्या हाताची बोटं घातली. "एवढं. मनगटाएवढं. आन आवाज न्हाई, गुमान येतंय."

"फेकताय काय आबा?"

"जाऊन बघ बे. बारमाही हाय."

मी पेले ठेवले आणि निघून आले. त्या उन्हाळ्यात ते किती जणांना सांगितलं त्यांनी. दर वेळी थोडं वाढायचं. दगडावर शेवाळ आलं, शेवाळावर बारकी पांढरी फुलं आली. पाणी ओंजळीत घेतलं तर दात शिवशिवले, हेही एकदा आलं. बैलानं प्यायलेलं पाणी ते त्यांच्या तोंडात कधी आलं, मला कळलं नाही. पण माझ्या गवताचा, नाक्याचा, कागदाचा शब्द कधी निघाला नाही. लेकालाही नाही. बायकोपायी झरा राहिला असं कुणी म्हणू नये म्हणून सगळा झरा त्यांनी बोलून उभा केला. एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा मी म्हणाले, "कशाला सांगताव खोटंनाटं?"

"खोटं कशापायी? हायच की तिथं. आपुन गेलो न्हाई म्हणून आटला का?"

दसरा झाला, ट्रक आले, टोळी गेली. आम्ही पहिल्यांदाच मागं राहिलो होतो. ट्रक वळणावर जाईपर्यंत ते वेशीत उभे होते. दिवाळीच्या आधी चार दिवस ते गेले. दहाव्याला जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानं झरा तरी बघून घेतला. माझ्या लेकानं मान डोलावली. त्याला केवढा आधार वाटला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

त्यानंतर आमच्या बायकांच्या दूध संस्थेची सहल त्याच बाजूला गेली होती. मला जागा धरली होती. मी गुडघ्याचं निमित्त काढलं.

आता नातू आणि नातसून जाऊन आली. सांजेला पोचली, देवाचा प्रसाद दिला, हातपाय धुतले. मी जेवायला वाढलं. घास तोंडात असतानाच लेकानं विचारलं, "झरा बघितला का?"

नातू पाणी प्यायला लागला. नातसून माझ्याकडं बघून म्हणाली, "बघितला की. तुमी सांगता तसाच हाय बघा. मनगटाएवढा."

"दगड?"

"काळा. लई मोठा."

लेक हसला. म्हणाला, आबा सांगायचे तेव्हा मला निम्मं खोटं वाटायचं.

जेवणं झाल्यावर तिनं मला मोबाईलमधले फोटो दाखवले. नाका होता, तोच, आता रंग दिलेला. जीप होती, जीपमध्ये बसायला लागलेली लांब ओळ होती. नातू गव्याच्या पाटीपाशी उभा. एक शेकरू, लांबून काढलेलं. धरणाचं पाणी. मोरीही होती, तिच्यावर दोघं बसलेली. ती बोटानं एकेक पुढं सरकवत होती. सरकवता सरकवता कोल्हापूरचं देऊळ आलं.

"संपले?" मी विचारलं.

"संपले आजी. येळ लई कमी मिळाला," ती म्हणाली आणि मोबाईल खाली ठेवला.

तिनं भांडी गोळा करायला घेतली. मी तिला म्हणाले, राहू दे, दमली असशील, मी घासते.